पाठीवरची पिल्लं

शिंपली उघडेना, आणि काजवाल्या काकूंच्या घशाखाली घास उतरेना. एरवी दुपारी टाकीवरचा निळा दिवा आपोआप लागला की ती कवच फाकून आपली निळी-हिरवी झालर अशी ऐसपैस बाहेर टाकायची की बघणाऱ्याने कामधाम विसरावं. इतक्या वर्षांत त्यात कधी खंड पडला नव्हता. आता दिवा लागायचा, प्रवाळ फुलायचे, मासे आपल्या फेऱ्या सुरू करायचे, आणि शिंपली मात्र झालर आत ओढून, कवच जेमतेम किलकिलं करून बसून राहायची. समोरच्या खाटेवर काकूंचा नवरा एका कुशीवर पडून तिच्याकडे टक लावून बघत असायचा. काकूंना त्या बघण्याचीच धास्ती वाटायची, कारण त्या माणसाला जगात बघण्यासारखं आता तेवढंच उरलं होतं.

काकू हाताने काजं करायच्या. आसपासचे टेलर कोट शिवायचे आणि काजांसाठी काकूंकडे धाडायचे. मशीनवर चुटकीसरशी काज होत असताना हाताचंच हवं म्हणून नखरे करणारी गिऱ्हाइकं अजून आहेत, आणि काकूंचं घर त्यांच्या नखऱ्यांवर चाललं होतं. टाका दोराभर सरकला तरी काकूंना दाराबाहेरून दिसतो, असं टेलर लोक सांगायचे. दाराबाहेरून हे त्यांचं वाढवून सांगणं, पण काकूंनी ते कधी खोडून काढलं नाही. माणसाचं एकाच गुणासाठी नाव होत असेल तर तो गुण थोडा फुगलेला असला तरी चालतो. आपल्या नजरेचा काकूंना गर्व होता, हे इथेच सांगितलेलं बरं.

नवऱ्याला सगळे पंपवाले म्हणत. पाण्याचा कसलाही पंप आणून द्या, ते कान लावून ऐकायचे आणि काय बिघडलंय ते सांगायचे. घरातली समुद्राच्या पाण्याची टाकी त्यांनी स्वतः बांधली होती. खालचं पाणी गाळायचं खोकं, नळ्या, पंप, सगळं हातचं. त्यात त्यांनी कोटाच्या बटणाएवढी शिंपली आणून ठेवली, ती वाढत वाढत ताटलीएवढी झाली. पंपवाले कामावरून आले की आधी तिच्यासमोर बसायचे आणि मग हातपाय धुवायचे. "घरात सवत आणून बसवलीत, आणि वर मलाच तिची काच पुसायला लावता," असं काकू म्हणायच्या. त्यावर पंपवाले म्हणायचे, "ती भांडत नाही, एवढा फरक आहे." या दोघांना मूलबाळ नव्हतं. त्याचं दुःख होतं, पण त्यांनी ते उगाळलं नाही. टाकीतलं कोण कसं आहे यावर बोलत संध्याकाळी चांगल्या जायच्या.

मग पंपवाल्यांना झटका आला आणि उजवी बाजू गेली, वाचाही गेली. डावा हात तेवढा थोडाफार हलायचा. दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टरांनी काकूंना समोर बसवून पुष्कळ काही समजावलं, पण काकूंचं अर्धं लक्ष गोळ्यांच्या वेळांत आणि अर्धं बाहेर स्ट्रेचरवर ठेवलेल्या नवऱ्यात होतं. जे कानात शिरलं ते एवढंच की माणसाची जगण्याची ओढ टिकली पाहिजे. म्हणून काकूंनी खाट पुढच्या खोलीत टाकीसमोर लावून घेतली, आपली कामाची खुर्ची खाटेशी ओढली आणि नवऱ्याच्या कानाशी वाकून सांगितलं, "माझ्या सवतीची काळजी करू नका. तिला मी बघते. तुम्ही फक्त बरे व्हा."

आणि त्यांनी बघितलंही. मिठाचं प्रमाण कसं मोजायचं, उडालेलं पाणी साध्या पाण्यानेच कसं भरायचं, हे सगळं त्या शोभेच्या माशांच्या दुकानातल्या भाऊंना विचारून विचारून शिकल्या. ज्या बाईने आयुष्यभर टाकीची फक्त काच पुसली होती ती आता पंपाचा आवाज बदलला तर हातातली सुई खाली ठेवायला लागली.

टाकीत लाडवाएवढ्या काही गोगलगायी होत्या, काचेवरचं शेवाळ खाऊन साफसफाई करणाऱ्या. एके दिवशी काकूंना त्यांतल्या एकीच्या पाठीवर, कवचाच्या कडेला, पांढरं काहीतरी दिसलं. काजाचं भिंग आणून बघितलं तर तांदळाच्या कणीएवढ्या चिमुकल्या गोगलगायी, चांगल्या पाचसहा, एकमेकींना खेटून बसलेल्या. काकू हरखून गेल्या. "अहो, बघितलंत का? तुमच्या टाकीत पाळणा हलला. पिल्लं आईच्या पाठीवर बसून फिरायला निघालीत." त्यांनी ती गोगलगाय हाताने उचलली आणि नवऱ्याच्या डोळ्यांसमोर धरली. पंपवाल्यांनी डोळे बारीक करून बघितलं आणि ते हसले. झटका आल्यापासून पहिल्यांदा हसले. काकूंना रडू आवरेना.

पुढे मोठ्या गोगलगायी एकेक करून मरायला लागल्या. सकाळी बघावं तर एखादी उताणी पडलेली, मांस सैल होऊन बाहेर आलेलं. काकूंना वाटलं, वय झालं असेल, बाळंतपण सोसलं नसेल. बिचारीच्या पाठीवरची पिल्लं तशीच चिकटून असायची. आई मेली, आता यांनी कुठे जायचं? टाकीतली सगळ्यांत मोठी, सगळ्यांत शांत, कुणाच्या अध्यात ना मध्यात अशी कोण, तर सवत. काकूंनी चिमटा घेतला आणि एकेक पिल्लू अलगद उचलून शिंपलीच्या कवचावर, झालरीच्या अगदी कडेशी नेऊन ठेवलं. "घ्या बाईसाहेब, तुम्हालाही मूल नाही, सांभाळा आता ही पोरकी."

तेव्हा पंपवाले जे हसले ते पोट धरून हसल्यासारखे. अंग गदगदत होतं, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, डावा हात खाटेच्या दांडीवर टाळी दिल्यासारखा आपटत होता. काकूंची नणंद स्वयंपाकघरातून धावत आली. नवऱ्याची ही धाकटी बहीण रोज दुपारी मदतीला यायची. "वहिनी, दादा किती हसतोय बघ," म्हणून तिने पदर डोळ्यांना लावला. त्या दोघींना इतका आनंद झाला की नंतर त्यांनी ते हसू पुन्हापुन्हा मागवून घेतलं. मेलेल्या, मरत्या गोगलगायींच्या पाठीवर पांढरी कणी दिसली की काकू म्हणायच्या, "वन्सं, बाहेर या, तुमच्या दादाला हसवते." आणि चिमट्याने पिल्लू उचलून शिंपलीच्या कडेला ठेवायच्या. पंपवाले दर वेळी हसायचे.

शिंपली मिटायला लागली ती त्यानंतर. काकूंनी पाणी बदललं, मीठ पुन्हा मोजलं, दिवा पुसला, पंप उघडून स्वच्छ केला. जिवाचं रान केलं, पण झालर रोज थोडी आतच जात राहिली आणि तिच्या कडेला मळकट पांढरेपणा आला. नणंद म्हणाली, "वहिनी, ती टाकीच काढून टाकू या. दादाच्या डोळ्यांसमोर काही मरायला नको." काकू इतक्या तडकून बोलल्या की नणंदेने दोन दिवस अबोला धरला. शिंपली गेली तर पाठोपाठ नवरा जाईल, असं काकूंच्या मनाने घेतलं होतं. त्यात शहाणपण नव्हतं हे त्यांनाही कळत होतं, पण मनाने घेतलं की घेतलं.

शेवटी त्यांनी बाटलीत टाकीचं पाणी भरलं आणि भाऊंच्या दुकानाची वाट धरली. भाऊ पाणी तपासायचे पैसे कधी घेत नसत, म्हणून काहीतरी न्यावं असं वाटून काकूंनी दुसऱ्या छोट्या बरणीत चारदोन पिल्लंही घेतली.

दुकानात चारी भिंतींना टाक्या, पायाखाली ओली फरशी, आणि भाऊ कोपरापर्यंत हात पाण्यात घालून उभे. त्यांनी हात पुसत पाणी तपासलं. "पाण्याला काही झालेलं नाही, काकू. तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं ठेवता. आणि हे काय?"

"पिल्लं. आमच्या गोगलगायींची. म्हटलं, तुमच्याही उपयोगी पडतील."

भाऊंनी बरणी दिव्याकडे धरली आणि बराच वेळ खाली ठेवली नाही. मग काचेच्या बशीत पाणी ओतलं आणि विचारलं, "भिंग आहे का तुमच्याकडे?" काकूंच्या पिशवीत ते कायमच असायचं.

"तुमची मोठी गोगलगाय कशी असते? पसरट, गोल, पगडीसारखी ना? तिचं पिल्लू छोट्या पगडीसारखं असेल. ही बघा. लांबट, टोकदार, पांढरीशुभ्र. कुठून दिसते हिच्यात आई?"

काकूंनी भिंगातून बघितलं. खरंच, कापच वेगळा होता. कोटाच्या कापडातून झगा निघाला असं कुणी सांगितलं असतं तर त्यांनी त्याला वेड्यात काढलं असतं, आणि इथे इतके दिवस त्यांना ते दिसलं नव्हतं.

"टाकीच्या काचेवर फिरताना कधी दिसली?" भाऊंनी विचारलं.

"नाही. मोठ्यांच्या पाठीवरच."

"शेवाळ खाणारी असती तर काचेवर आली असती. हिला खरवडायला दातच नसतात. सोंड असते, डासासारखी. कवचाच्या कडेला बसायचं, सोंड आत घालायची आणि अंगातला रस ओढायचा. बांडगूळ आहे हे. दिवसा बहुतेक बुडाशी दडून राहतं, अंधार झाला की वर कडेला येतं. तुमच्या मोठ्या गोगलगायी म्हाताऱ्या होऊन नाही मेल्या, काकू." भाऊंनी एकदम मान वर केली. "शिंपलीवर तर नाही ना गेली? शिंपली यांच्या फार आवडीची. पण मोठ्या गोगलगायींवरची सहसा आपणहून तिकडे..."

"मी ठेवली," काकू म्हणाल्या.

"काय?"

"मी ठेवली. चिमट्याने. एकेक करून."

भाऊंनी बशीकडे बघितलं आणि मग एका टाकीचं झाकण उगाच सारखं केलं. "पंपवाल्यांनी अडवलं नाही?" असं ते बोलून गेले आणि लगेच म्हणाले, "हो, त्यांना बोलता येत नाही, विसरलोच मी."

काकू रस्त्यावर आल्या तेव्हा त्यांना आपण कुठल्या बाजूने चाललोय हेही कळत नव्हतं. पंपवाल्यांनी अडवलं नाही. पंपवाले हसले. ज्या माणसाला पंपाच्या आवाजावरून आतला खडा कळायचा त्याला ही पिल्लं नाहीत हे कळलं नसेल? आणि तिथे, एका बंद दुकानाच्या पायरीशी, डॉक्टरांचं ते अर्धवट ऐकलेलं बोलणं काकूंना शब्द न् शब्द ऐकू आलं. आता यांचं हसणं-रडणं यांच्या ताब्यात राहणार नाही, बाई. रडू आलं तरी हसतील, हसायचं असलं तर रडतील. चेहऱ्यावर जाऊ नका. काकू त्या पायरीवरच बसल्या. तो हात टाळी देत नव्हता. तो थांब, थांब म्हणत होता, आणि थांबवायला नवऱ्याकडे दुसरं काही नव्हतं. तो जितक्या जिवाच्या आकांताने ओरडला तितक्या कौतुकाने त्यांनी नणंदेला बघायला बोलावलं होतं.

घरी आल्यावर त्यांनी चप्पलही काढली नाही. खाटेशी गुडघे टेकून बसल्या आणि नवऱ्याचा डावा हात हातात घेतला.

"मी काय विचारते त्याला हो असेल तर हात दाबा. चेहरा राहू द्या, मी बघणार नाही." आणि त्यांनी खरंच डोळे मिटून घेतले. "ती पिल्लं नाहीत, हे तुम्हाला पहिल्या दिवशीच कळलं होतं?"

हात दाबला गेला.

"मी ती शिंपलीवर ठेवत होते तेव्हा तुम्ही मला ओरडत होतात?"

हात पुन्हा दाबला गेला, इतका की बांगडी रुतली. काकू पुष्कळ रडल्या. माफ करा, असं म्हणायचं त्यांच्या तोंडात आलं होतं, पण त्याला हो का नाही हे हाताने विचारायची त्यांची हिंमत झाली नाही.

मग मात्र त्या उठल्या. काळ्या अस्तराचा तागा घरात होताच. त्याने टाकी चहूबाजूंनी झाकली आणि भरदुपारी आत रात्र केली. बऱ्याच वेळाने अस्तराची कड उचलून टॉर्च मारली, तर शिंपलीच्या कवचाची कड पांढऱ्या कण्यांनी भरलेली. टाकीचंच पाणी घमेल्यात घेऊन त्यांनी शिंपली उचलून त्यात ठेवली, घमेलं खाटेशी आणलं आणि मऊ टूथब्रशने कवच घासायला घेतलं. खाली उलटून बघितलं तर बुडाशी, तिचा पाय बाहेर येतो त्या फटीपाशी आणखी थवा, आणि जागोजाग अंड्यांचे बुळबुळीत ठिपके. कवचावर दुसऱ्याही काही बारीक गोगलगायी होत्या, गरीब, कुणाचं काही न घेणाऱ्या. त्यांत आणि यांत गफलत नको म्हणून काकू प्रत्येक कणी पारदर्शक चमच्यात घ्यायच्या, चमचा खाटेवर काळ्या अस्तरावर ठेवायच्या आणि नवऱ्यापुढे भिंग धरून विचारायच्या, "ही त्यातली?" हात दाबला तर कणी उकळत्या पाण्याच्या भांड्यात. नाही दाबला तर परत टाकीत. आपल्या नजरेवर त्यांचा आता काडीचा भरवसा उरला नव्हता.

असं रोज चाललं. काजांचे कोट कोपऱ्यात पडून राहिले, टेलर लोक निरोपावर निरोप धाडू लागले. नणंद अबोला सोडून घमेलं उचलू लागली, पण घमेलं कशासाठी ते काकूंनी तिला नीट सांगितलं नव्हतं. शिंपलीला किडे झालेत, एवढंच म्हणाल्या होत्या. हसण्याबद्दल काहीच बोलल्या नव्हत्या. ती बिचारी त्या हसण्याच्या आठवणीवर अजून खूश होती, तिचं तेवढं कशाला काढून घ्यायचं?

कण्या कमी होत गेल्या. एक दिवस तर सगळं कवच घासूनही काही निघालं नाही, आणि दिवा लागल्यावर शिंपलीने झालरीची एक कड बाहेर काढली. फिकट होती, पण निळी होती. काकूंनी नवऱ्याचा हात धरला आणि दोघं ती कड बघत बसले. पंपवाल्यांचा चेहरा वेडावाकडा होऊन त्यांना हुंदके यायला लागले, घळाघळा रडले ते. "कळलं हो मला," काकू म्हणाल्या, "हसून घ्या, हसून घ्या." आणि स्वतः हसल्या. त्या घरात तेवढीच एक दुपार बरी गेली.

पण जे पिऊन झालं होतं ते पिऊन झालं होतं. दुसऱ्या दिवशी कड आत गेली. त्यानंतर काकू घासण्यासारखं काही नसतानाही घमेलं घेऊन बसायच्या, भिंगातून कवचाची रेघ न् रेघ बघायच्या, कुठे एखादी कणी सापडली तर बरं असं वाटायचं. कणी असती तर काढता आली असती.

आणि मग एका दुपारी दिवा लागला आणि शिंपली उघडली. काकू काज करत होत्या. त्यांनी मान वर करून बघितलं, तर कवच चांगलं ऐसपैस उघडलेलं, पहिल्यासारखं, त्याहूनही मोठं. त्यांच्या हातातला कोट गळून पडला. त्या टाकीशी गेल्या, काचेवर बोट टेकवून शिंपलीसमोर हलवलं. अशी सावली पडली की ती मिटून घ्यायची, बटणाएवढी होती तेव्हापासून. या वेळी मिटली नाही. आतली झालर सैल होऊन एका बाजूला लोंबत होती आणि पंपाच्या पाण्याबरोबर हलत होती.

मागून हसण्याचा आवाज आला.

पंपवाले हसत होते. अंग गदगदत होतं, खाट करकरत होती, डावा हात दांडीवर आपटत होता. हसू वाढत वाढत खोली भरून गेलं, भिंतीवरून परत यायला लागलं. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला.

"वहिनी," नणंदेने आतून आनंदाने विचारलं, "दादा हसतोय का गं? शिंपली उघडली वाटतं?"

"हो, उघडली," काकू म्हणाल्या.

मग त्या खाटेवर बसल्या, नवऱ्याचं डोकं आपल्या कुशीत ओढून घेतलं, नणंद आली तर तिला दिसू नये म्हणून त्याच्या तोंडावर पदर घेतला, आणि त्याच्या कानाशी म्हणाल्या, "रडा. मी आहे. रडून घ्या."